हेरफर्डची काळी मैना

ब्लॅककरंट म्हणजे काय, सांगा बघू? बरोब्बर, आईस्क्रीम! जांभळा स्कूप, जिभेवर रेंगाळणारा रंग आणि मध्येच दाताखाली येणारा एखादा चिवट काळा तुकडा. ऑफिसच्या ट्रीटमध्ये सगळे चॉकलेटवर तुटून पडलेले असताना 'मला ब्लॅककरंट' म्हणणारं कुणीतरी असतंच. माझा फंडा इतकाच क्लिअर होता. गंमत म्हणजे माझ्या ताईचाही. ही बया फूड टेक्नॉलॉजिस्ट. पुण्यात आईस्क्रीमच्या एका कारखान्यात तीन वर्षं तिने ब्लॅककरंटच्या बॅचेस तपासल्या, गोडी मोजली, रंग पाहिला, सह्या ठोकल्या. पण झाड? 'झाड असतं की वेल, हेसुद्धा मला माहीत नव्हतं,' ती आता हसत सांगते.

तर मंडळी, ते झुडूप असतं. द्राक्षाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आपल्याकडे ड्रायफ्रूटच्या दुकानात ब्लॅककरंट म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यात बहुतेक वेळा बारीक काळ्या द्राक्षांच्या मनुकाच असतात. ग्रीसमधल्या कोरिंथवरून त्या मनुकांना 'करंट' नाव पडलं आणि पुढे दिसायला तसंच म्हणून या भलत्याच फळालाही ते चिकटलं. खरं ब्लॅककरंट दिसतं आपल्या करवंदासारखं, फक्त वाटाण्याएवढं आणि घोसात लटकणारं. तितकंच आंबट, तितकंच बोटं रंगवणारं. डोंगराची काळी मैनाच म्हणा ना! फक्त डोंगर साहेबाच्या देशातला.

ताई २०२२ च्या जूनमध्ये नोकरीसाठी इंग्लंडमधल्या हेरफर्डला गेली, जिजू सहा महिन्यांनी. २०२३ च्या दिवाळीला मी आणि आई त्यांच्याकडे धडकलो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून थेट गाडी मिळाली तर तीन तासांच्या आसपास लागतात. ऑक्सफर्ड जातं, वूस्टर जातं, मग मॉल्व्हर्नच्या टेकड्या आडव्या येतात आणि गाडी थेट त्यांच्या पोटात शिरते. खंडाळ्याचा घाट बघत मोठं झालेल्यांना एका बोगद्याचं काय कौतुक? पण पलीकडे बाहेर पडलात की माती लाल होते. अगदी कोकणात उतरल्यासारखी लाल! त्या लाल मातीत सफरचंदांच्या बागा. सायडर नावाची सफरचंदाची दारू हा इकडचा खानदानी धंदा. नोव्हेंबरात पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर हिरवे गोळे लटकलेले दिसतात. आई खिडकीला नाक लावून बसली होती. 'अगं, एवढी बांडगुळं लागलीयेत, कुणी काढत कसं नाही?' आता तिला कोण सांगणार की ही बांडगुळं नाताळात इथे चक्क लिलावात विकली जातात आणि त्यांच्याखाली उभं राहून लोक एकमेकांचे मुके घेतात. मी सांगितलं नाही. ताईने सांगितलं. आई पुढची दोन स्टेशनं गप्प होती.

हेरफर्ड शहर छोटं आहे. वाय नदी, तिच्या काठी दगडी कॅथीड्रल आणि त्यात साधारण १३०० सालच्या आसपास काढलेला जगाचा एक भलामोठा नकाशा. मध्यभागी जेरुसलेम, पूर्व दिशा वर, त्यामुळे भारत अगदी वरच्या टोकाला, चित्रविचित्र प्राण्यांच्या गर्दीत. तो जरूर बघा. पण मी आज सांगणार आहे ती गोष्ट ताईच्या घरामागच्या बागेतली. बाग म्हणजे आपल्या वन बीएचकेच्या हॉलएवढा तुकडा. लाकडी कुंपण, कपडे वाळत घालायची छत्रीसारखी दोरी, एक कुलूप नसलेली शेड.

कुंपणापलीकडे एक आजोबा राहतात, तेव्हा त्र्याऐंशीचे. ताई त्यांना तोंडावर मिस्टर अमुकतमुक म्हणते आणि घरात आजोबा. ब्लॅककरंटचा किडा तिच्या डोक्यात त्यांनी सोडला. या भागात ब्लॅककरंटची मोठी शेती आहे. ब्रिटनमधल्या एकूण पिकापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास माल एकाच सरबतात जातो, रायबीना. आपल्या लहानपणी रसना, त्यांच्याकडे हे. १९३८ साली ब्रिस्टलच्या एका कंपनीने ते बाजारात आणलं आणि नाव झाडाच्या शास्त्रीय नावावरून, रायबीस नायग्रमवरून घेतलं. पुढे महायुद्ध आलं. जर्मन पाणबुड्यांमुळे संत्र्यांची जहाजं येईनात, मुलांना व्हिटॅमिन सी द्यायचं कुठून? ब्लॅककरंटमध्ये ते संत्र्याच्या तिप्पट. मग सरकारने तान्ह्या मुलांसाठी ब्लॅककरंटचं सिरप वाटायला सुरुवात केली. आजोबांची पिढी त्याच चमच्यावर वाढली. 'कॉड लिव्हर ऑइलनंतर ते मिळायचं,' आजोबा म्हणाले, 'म्हणून ते मला आजही जगातलं सगळ्यात गोड वाटतं.'

त्यांच्या बागेत स्वतःचं एक म्हातारं झुडूप होतं. ताईने सहज विचारलं, तुमची फांदी तोडून लावू का? त्यांनी ठाम नकार दिला. मग जवळ बोलावून दाखवलं. फांदीवरचे निमुळते डोळे असायला हवेत तिथे फुगलेले गोल गोळे होते. आत डोळ्यांना न दिसणारे कोळी राहतात आणि ते एक विषाणू पसरवतात. त्यानंतर झाड हिरवंगार दिसतं, पण फळ धरणं कमी कमी होत जातं. इलाज नाही. उपटायचं आणि जाळायचं. 'रोपं नर्सरीतून घ्या, प्रमाणपत्र असलेली. ओळखीपाळखीने घेऊ नका,' हा त्यांचा पहिला सल्ला. त्याच आठवड्यात त्यांनी आपलं झुडूप खणून काढलं. नवीन लावणार का, असं मी विचारलं तर म्हणाले, 'या वयात?'

हजार रुपयांच्या काटक्या

भाऊबीज झाली आणि शनिवारी कुरियर आलं. दोन रोपं. रोपं कसली, मुळांना ओली पिशवी गुंडाळलेल्या चार-चार काटक्या! नोव्हेंबर ते मार्चमध्ये झाड झोपलेलं असतं, तेव्हा ते असंच बिनमातीचं विकतात. स्वस्त पडतं आणि चांगलं रुजतं. किंमत एकीला दहा पौंड. आईने गुणाकार केला. 'हजार रुपयांच्या काटक्या?'

जात 'बेन कॉनन'. स्कॉटलंडमध्ये डोंगराला बेन म्हणतात. डंडी शहराजवळच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या ब्लॅककरंटच्या बऱ्याचशा जाती बेन अमुक, बेन तमुक असतात. राजगुरुनगरच्या केंद्राने कांद्याच्या जातींना भीमा नदीचं नाव दिलंय ना, भीमा सुपर, भीमा शक्ती, तसंच. या जातीचं झुडूप फार पसरत नाही, त्यामुळे छोट्या बागेला बरं. तरी दोन झुडपांत दीड मीटर अंतर हवंच.

घरमालकाची परवानगी ताईने ईमेलने काढली होती. झुडूप चालेल, वृक्ष नको. पण आयत्या वेळी तिचंच मन डगमगलं. 'कुंडीत लावूया का? घर सोडताना नेता येईल.' जिजू म्हणाले, 'कुठे नेणार? कोथरूडला?'

प्रश्न वर्मी लागला, कारण कोथरूडला ते नेऊन काही उपयोगच नाही. या झाडाला हिवाळ्यात थंडी मोजून लागते. साधारण सात अंशांच्या खालचे तास, जातीनुसार हजार ते दोन हजारांच्या घरात. ते पुरे झाले नाहीत तर वसंतात झाड नीट जागंच होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण दिसल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, पण दुपारी आपण तिथे टीशर्टवर मक्याचं कणीस खात फिरतो. तेवढ्याने याचं भागत नाही. इंग्लंडचेही हिवाळे आता उबदार होताहेत आणि तिथले बागायतदार धास्तावलेत. डंडीची मंडळी कमी थंडीत भागवणाऱ्या जाती शोधताहेत. म्हणजे हे झाड एकदा जमिनीत गेलं की ताईबरोबर परत येणार नव्हतं. आणि ताईचा हिशेब साधा होता. तिचा कामाचा व्हिसा, पाच वर्षं पूर्ण झाली की २०२७ च्या जूनमध्ये कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज. झाडाचा हिशेब वेगळा. पहिलं खरं पीक दोन वर्षांनी, भर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून, आणि नीट सांभाळलं तर आयुष्य पंधरा वर्षं किंवा जास्त. 'माझ्या व्हिसापेक्षा याचं आयुष्य मोठं आहे,' ती म्हणाली. (मला विचाराल तर माझ्यासारख्या फ्रीलान्सरला पाच वर्षांचा प्लॅन हा शब्दच विनोदी वाटतो. मागच्या लेखाचं पेमेंट वेळेवर आलं तरी खूप.)

शेवटी जमिनीतच लावायचं ठरलं. खड्डा खणला, शेणखत घातलं. नर्सरीत जिथवर माती होती त्याची खूण खोडावर दिसते. त्याच्याही चार-पाच सेंटिमीटर खाली रोप पुरायचं, म्हणजे जमिनीच्या आतून नवे फुटवे येतात. इथवर आई खुश होती. स्वतःच्या हाताने माती दाबली, तांब्याने पाणी घातलं. मग कुंपणावरून आजोबांनी छाटणीची कात्री पुढे केली. 'आता सगळं कापा. जमिनीपासून एक-दोन डोळे ठेवून.'

ताईने भाषांतर केलं आणि आईचा चेहरा उतरला. 'लावलेलं रोप लगेच कापायचं? सणासुदीचं?'

कारण चोख आहे, ऐका. ब्लॅककरंट गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर धरतं. लावल्या लावल्या त्या काटक्या तशाच ठेवल्या तर येत्या उन्हाळ्यात मूठभर फळं मिळतील, पण हललेली मुळं तेवढ्यातच दमतील. कापलं तर पहिल्या वर्षी शून्य. झाड फक्त मुळं धरणार, फुटवे काढणार. त्या फुटव्यांवर दुसऱ्या वर्षी फळ. सगळं पटण्यासारखं. पण आईचं म्हणणं बागकामापुरतं नव्हतंच. 'आत्ता हातात आहे ते कापा आणि दोन वर्षं वाट बघा. तुमचं सगळंच असं चाललंय,' ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तो 'सगळं' कुठवर पोहोचत होता, हे आम्हाला कळत होतं. बाबांच्या आजारपणात ताईची पुण्यातली नोकरी सुटली होती. बाबा गेल्यावर वर्षभरात ती इकडे आली. आईने तिला 'जा' म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. पण 'जा' म्हणणं आणि रोज संध्याकाळी सातला एकटीने टीव्ही लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोव्हेंबरात तिकडे चार-सव्वाचारला अंधारतं. त्या उरल्यासुरल्या उजेडात ताईने एक झुडूप कापलं. दुसऱ्यापाशी गेली, उभी राहिली आणि कात्री परत करून आली. आजोबा काही बोलले नाहीत.

ताईचं झाड, आईचं झाड

२०२४ च्या जुलैत व्हिडिओ कॉलवर आईच्या झाडाची एक वाटी फळं दिसली. आई जाम खुश! 'बघ, म्हटलं नव्हतं? आणि तुझ्या त्या बोडक्याला काय आलं?' बोडक्याला नुसती पानं आली होती. फिकट रंगाचे आठ-नऊ फुटवे, सरळ वर. त्या पानांना चोळलं की फळाचाच वास येतो, एवढाच काय तो मोबदला.

मग २०२५ उजाडलं. ब्रिटनमध्ये त्या वर्षीचा वसंत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात उबदार आणि लखलखीत उन्हाचा ठरला. फुलावर असताना पडणारं दंव हा ब्लॅककरंटचा खरा शत्रू, त्यातून त्या वर्षी झाडं वाचली, पण पाऊस गायब. याची मुळं फार खोल जात नाहीत. ताई आंघोळीचं पाणी बादलीने बागेत नेऊन घालायची. मे महिन्यात ती अशीच बादली घेऊन उभी असताना ऑफिसच्या ग्रुपवर बातमी आली. सरकारने कायम वास्तव्यासाठीची मुदत पाच वर्षांवरून दहा करण्याचा प्रस्ताव मांडला होता. आधीच आलेल्यांचं काय, हे त्या दिवशी कुणालाच नीट सांगता येईना. त्या रात्री तिने मला फोन केला. रडली वगैरे नाही. आमच्यात ते काम माझं. तिने फक्त विचारलं, 'तू जुलैत येतेयस ना? मग मी जाळी टाकून ठेवते. नाहीतर पाखरं काही ठेवणार नाहीत.'

दोन वर्षांचा व्हिसा काढून ठेवला होता, तो संपायच्या आत मी एकटीच गेले. १ जुलैला लंडनचा पारा ३४ च्या वर होता आणि एसी नावाची चीज घराघरात नाही! हेरफर्डला उतरले तेव्हा लाल माती भेगाळली होती. बागेत शिरले आणि थबकले. जाळी कुठली, आईच्या दोन जुन्या नेटच्या ओढण्या बांबूंवर ताणल्या होत्या आणि बाहेर एक ब्लॅकबर्ड चिडून फेऱ्या मारत होता.

कुठलं झाड कुणाचं, हे सांगायची गरजच नव्हती. आईचं झाड तीन बारक्या हातांनी उभं होतं. ताईचं कमरेपर्यंत भरलेलं, प्रत्येक फांदी घोसांनी वाकलेली. वरून काळी, खाली काळी. बेन जातींचा हा मोठा फायदा, घोस जवळपास एकदम पिकतो. एकेक फळ वेचत बसायला नको, देठासकट अख्खा घोस तोडायचा. मी एक तोंडात टाकलं. खरं सांगू? आईस्क्रीमशी फक्त नावाचं नातं. आधी सणसणीत आंबट, मग तुरट, मग नाकात चढणारा एक रानटी वास, ज्यात किंचित मांजराचाही भास होतो. (हसू नका, वाइनचे जाणकारसुद्धा हे कौतुकाने लिहितात.) चौथ्या फळाला मात्र आवडायला लागतं. दहाव्याला थांबवत नाही.

किचनच्या काट्यावर वजन केलं. आईचं झाड सातशे ग्रॅम. ताईचं दोन किलो शंभर. पूर्ण वाढलेलं झुडूप चार-साडेचार किलो देतं, म्हणजे हे अजून शाळेतच. आजोबांना एक वाडगा भरून दिला. ते कुंपणाशी उभ्यानेच खात होते. बोटं जांभळी.

बाकीच्याचा जॅम. ताईने आईला फोन लावला आणि साखरांब्याचा पाक कसा ओळखायचा ते विचारलं. आई तिकडून म्हणाली, साखर आणि फळ एकदमच घाल. पण इथे ताईतली फूड टेक्नॉलॉजिस्ट जागी झाली. ब्लॅककरंटची साल जाड असते. साखर आधी पडली तर ती चामड्यासारखी राहते. म्हणून आधी नुसत्या पाण्यात साल मऊ होईपर्यंत शिजवायचं, मगच साखर. पेक्टिन भरपूर, त्यामुळे जॅम झटकन धरतो. साखर थोडी जास्तच लागते, किलोला सव्वा-दीड किलो. 'बापरे, बाबांना चाललं नसतं,' आई म्हणाली. मग कुणीच काही बोललं नाही आणि कढई रटरटत राहिली.

चार बाटल्या मी आणल्या. जॅम विमानतळावर द्रव पदार्थ धरतात, हॅन्डबॅगेत घालू नका, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा. एक बाटली तरी फुटली. माझा पांढरा कुर्ता आता कायमचा रायबीना रंगाचा आहे. आईने पोळीला लावून खाल्लं, डोळे मिटले आणि निकाल दिला, 'आईस्क्रीमसारखं नाही लागत. करवंदासारखं लागतं.' तिसऱ्या दिवशी बाटली अर्धी.

डिसेंबरात पुन्हा व्हिडिओ कॉल. ताई टोपी-मफलरमध्ये, श्वासाची वाफ, हातात स्वतःची नवी कात्री. आता छाटणी. काळी पडलेली जुनी फांदी बुंध्यातून काढायची, फिकट कोवळी ठेवायची. दर हिवाळ्यात साधारण तिसरा हिस्सा. कापलेल्यातल्या चार सरळ काड्या तिने वीत-वीतभर कापून कुंपणापलीकडे दिल्या. आजोबांनी मागून घेतल्या होत्या. जुनं झुडूप होतं तिथे नाही, दुसऱ्या कोपऱ्यात खोचणार होते. आता ते पंच्याऐंशीचे आहेत.

'आणि माझं झाड?' आईने विचारलं.

ताईने कॅमेरा फिरवला. तीन बारके हात, थंडीत थरथरणारे. 'हे असंच राहील, आई. नाहीतर जमिनीलगत कापायचं. मग पुढच्या जुलैत काही नाही. त्याच्या पुढच्या.'

'२०२७ च्या?'

'हो.'

आई जराशी पुढे सरकली. चष्मा वर केला. 'मग काप. थांब, आधी फोन नीट धर. मला दिसू दे.'